टायटॅनियमचा लेप असलेले चुंबक शरीरात बसवण्यापूर्वी पृष्ठभागाची तयारी कशी करावी?

ऊतीखालचा_सेन्सर

नमस्कार. त्वचेखाली बसवायच्या एका छोट्या स्थान-सेन्सरसाठी निओडिमियमच्या चकत्या घेतल्या आहेत. व्यास ३ मिमी, जाडी १ मिमी, प्रत एन४२. निकेल-तांबं-निकेलच्या मुलाम्यावर टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी लेप आहे आणि विक्रेत्याच्या कागदावर लेपाची जाडी २ मायक्रॉन लिहिली आहे. आधी सलाइनमधली बाकावरची (प्रयोगशाळेतल्या टेबलावरची) चाचणी, मग समितीच्या परवानगीने प्राण्यांवरची, असा क्रम ठरला आहे.

पृष्ठभागासाठी टायटॅनियम इम्प्लांटला करतात तेच करायचा विचार आहे: ॲसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक, ३० टक्के नायट्रिक ॲसिडमध्ये ३० मिनिटं पॅसिव्हेशन, डीआय (आयनमुक्त) पाण्याने धुणं आणि शेवटी १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुकीकरण. यात काही चुकतंय का? आणि लेप थोडा खरबरीत केला तर ऊती जास्त चांगली धरेल का?

गंजविद्या

नायट्रिक आणि ऑटोक्लेव्ह दोन्ही काढून टाका. खरबरीत तर मुळीच करू नका.

कारण सांगतो. टायटॅनियम धातूवर हवेतच काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर बसतो. ओरखडा गेला तरी खाली टायटॅनियमच असतं, त्यामुळे तो थर लगेच पुन्हा तयार होतो. पॅसिव्हेशनने हा थर नीट होतो आणि यंत्रकामात रुतलेलं लोखंड विरघळून जातं. तुमच्या चकतीला यातलं काही लागू पडत नाही. तिच्यावर २ मायक्रॉनची नायट्राइडची फिल्म आहे, खाली निकेल आणि त्याखाली पाण्यात टिकण्याच्या बाबतीत अत्यंत कच्चा असा सिंटर केलेला (भुकटी दाबून-भाजून घट्ट केलेला) मिश्रधातू. फिल्मला भोक पडलं की ते बुजवायला खाली टायटॅनियम नाही.

आणि भोकं असतातच. व्हॅक्यूममध्ये बाष्पातून बसवलेला नायट्राइडचा थर खांबासारख्या कणांचा वाढतो. आर्क पद्धतीने बसवला असेल तर त्यात धातूचे थेंब अडकतात. ते निखळले की जागी खड्डा राहतो. चकतीच्या कडेवर थर आणखी पातळ बसतो, आणि हाताळताना मार नेमका कडेलाच बसतो.

पुढचा भाग लोकांच्या ध्यानात येत नाही. टायटॅनियम नायट्राइड वीजवाहक आहे आणि चुंबकाच्या मिश्रधातूपेक्षा कितीतरी जास्त 'नोबल', म्हणजे सहज न गंजणारं आहे. खाऱ्या द्रवात भोकाजवळ छोटासा ॲनोड (जिथे धातू विरघळतो) आणि उरलेला सगळा सोनेरी पृष्ठभाग मिळून मोठा कॅथोड, अशी जोडी जमते. त्यामुळे अख्खा चुंबक उघडा असता तर जो गंज सगळीकडे पसरला असता, तो एका बिंदूत खोल जातो. कणांच्या सीमेवरचा निओडिमियम-बहुल भाग आधी जातो, हायड्रोजन सुटतो, कण सुटे होतात, आतून भुकटी होते. वरून लेप शाबूत दिसतो आणि मग एक दिवस फुगून तडकतो.

अशा चकतीला ३० टक्के नायट्रिकमध्ये बुडवलं की प्रत्येक भोकातून ॲसिड आधी निकेल आणि मग चुंबक खातं. पृष्ठभाग धुतला तरी छिद्रांत अडकलेलं ॲसिड नंतरही काम करत राहतं. म्हणजे जी तपासून फेकायची होती ती चकती तुम्ही स्वतःच्या हाताने नासवलेली असते.

ऑटोक्लेव्हचं म्हणाल तर एन४२ ला पुढे अक्षर नाही, म्हणजे ८० अंशांची साधी प्रत. १२१ अंशांवर तिची चुंबकीय शक्ती घटेल आणि थंड झाल्यावरही आपोआप परत येणार नाही. पुन्हा चुंबकित केली तर ती परत येईल, पण निर्जंतुक केलेल्या भागाला ते कसं करणार? शिवाय दाबाखालची वाफ भोकांतून आत शिरते ते वेगळंच.

कोश_आणि_सांधा

वरच्या मताशी पूर्ण सहमत. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की प्रश्न पृष्ठभागाच्या तयारीचा नाहीच, रचनेचा आहे. दीर्घकाळ शरीरात राहणारे चुंबक कसे बांधतात ते पाहा. कॉक्लिअर इम्प्लांटमधला चुंबक टायटॅनियमच्या बंद कोशात असतो. अन्ननलिकेच्या तळाशी बसवायचं 'लिंक्स' हे मण्यांचं कडं, ज्याला अमेरिकेच्या एफडीए या औषध-उपकरण नियामक संस्थेने २०१२ मध्ये मान्यता दिली, त्यातही प्रत्येक चुंबक टायटॅनियमच्या मण्यात बंद केलेला आहे. भिंत धातूचीच हवी, आणि सांधा वेल्ड केलेला.

"कोशाने चुंबक कमजोर होईल" ही शंका येईल म्हणून हिशेब देतो. रेमनन्स (चुंबकनानंतर पदार्थात उरणारं चुंबकत्व) १.३ टेस्ला धरला तर तुमच्या चकतीच्या तोंडाशी, अक्षावर, सुमारे ०.३६ टेस्ला क्षेत्र मिळतं. ०.२५ मिमी टायटॅनियम मध्ये आलं की कोशाच्या बाहेरच्या तोंडाशी ०.३१. त्वचेपलीकडे, २ मिमी अंतरावर, ६१ मिलीटेस्लाऐवजी ४९ मिळतील. टायटॅनियम चुंबकीय नसल्यामुळे ते क्षेत्र गिळत नाही, फक्त अंतर वाढतं. हा तोटा चकती १.५ मिमी जाड घेऊन भरून काढता येतो. २ मायक्रॉनच्या लेपाने येणारं अपयश कशानेच भरून निघत नाही.

आता तुमची नायट्रिकची पायरी. ती बरोबर आहे, फक्त ती *रिकाम्या* कोशावर आणि झाकणावर करायची, चुंबक आत जायच्या आधी. सगळा क्रम त्याभोवतीच बांधायचा.

कोश ग्रेड २ च्या शुद्ध टायटॅनियमचा किंवा टीआय-६एएल-४व्ही ईएलआय या टायटॅनियम मिश्रधातूचा कातून घ्या. भिंत ०.२५ मिमी, बाहेरच्या कडा गोल. झाकण खाचेत बसणारं असावं आणि बसवल्यावर फट नखाला जाणवता कामा नये. जिथे फट तिथे वेल्डमध्ये पोकळी. कातकामाचं तेल काढायला आधी ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग सौम्य अल्कली डिटर्जंटचं ५० अंशांचं द्रावण, अल्ट्रासॉनिकमध्ये १० मिनिटं, आणि मग डीआय पाण्याच्या तीन वेगवेगळ्या भांड्यांत धुणं. मिथेनॉल वापरू नका; कोरडं मिथेनॉल ताणाखालच्या टायटॅनियमला तडे पाडतं. वेल्डिंगच्या आधी क्लोरीनयुक्त सॉल्व्हंटही नकोत.

कातकामाचा रुतलेला थर जाड असेल तर नायट्रिक-हायड्रोफ्लोरिक मिश्रणात पिकलिंग करतात, म्हणजे वरचा थर ॲसिडने खाऊन काढतात. त्यात नायट्रिक हायड्रोफ्लोरिकच्या सुमारे दहापट ठेवतात, नाहीतर टायटॅनियम हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. पण हे काम ज्यांच्याकडे त्याची सोय, धुराडं आणि हायड्रोफ्लोरिकच्या भाजण्यावरचं कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी आहे त्यांच्याकडूनच करून घ्या. साध्या प्रयोगशाळेत हायड्रोफ्लोरिक आणू नका. मग पॅसिव्हेशन: एएसटीएम एफ८६ या मानकाप्रमाणे आकारमानाने २० ते ४५ टक्के नायट्रिक, खोलीच्या तापमानाला किमान ३० मिनिटं. शेवटच्या धुण्यानंतर कोश उभा धरा. पाणी अखंड पडद्यासारखं उतरलं पाहिजे. थेंब थेंब सुटत असेल तर तेलाचा अंश राहिला आहे, पहिल्यापासून सुरू करा.

चुंबक *न चुंबकित केलेला* मागवा, चुंबकनाची दिशा खुणेने दाखवलेला. व्हॅक्यूम ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास सुकवून थेट ग्लोव्ह बॉक्समध्ये घ्या. आत आर्गॉन, त्यात थोडा हेलियम मिसळलेला. चुंबक आणि सांधा यांच्यात ०.१ मिमी तरी फट किंवा टायटॅनियमची पातळ चकती ठेवा, म्हणजे वेल्डची उष्णता थेट चुंबकात जात नाही. आत गोंद घालू नका, तो तापून वायू सोडतो आणि सांध्यात बुडबुडे करतो. पल्स लेझरचे ठिपके एकमेकांवर ७० ते ८० टक्के चढवा. वेल्डचा रंग चांदीसारखा आला तर उत्तम, फिकट गव्हाळ चालेल. निळा, जांभळा, राखाडी दिसला तर ऑक्सिजन शिरला होता, तो नग बाद. घासून रंग काढून तो पास करू नका. खालचा ठिसूळ थर तसाच राहतो.

गळती चाचणीत एक सापळा आहे. मोठं भोक असलेला नग बारीक गळतीच्या हेलियम चाचणीत पास होतो, कारण यंत्रात जाईपर्यंत आतला हेलियम संपलेला असतो. म्हणून मोठ्या गळतीची बुडबुड्यांची चाचणीही हवीच. तिचं फ्लोरोकार्बन द्रव १२५ अंशांवर असतं, पण चुंबक अजून चुंबकित नसल्याने काही बिघडत नाही.

दुसरा सापळा आकाराचा. आतली मोकळी जागा १ घन मिमी असेल आणि गळती १०⁻⁹ ॲटमॉस्फिअर-घन सेमी प्रति सेकंद असेल, तर भागाकार येतो १० लाख सेकंद, म्हणजे आतला वायू बदलायला ढोबळमानाने अकरा-बारा दिवस. मोठ्या पेसमेकरच्या कोशासाठी जी मर्यादा चालते ती तुमच्या चिमुकल्या कोशासाठी पुरेशी नाही. त्यामुळे नुसत्या यंत्राच्या आकड्यावर विसंबू नका. प्रत्येक खेपेतले काही नग कापून, पॉलिश करून, वेल्डची खोली सूक्ष्मदर्शकाखाली मोजा.

हे सगळं पास झालं की मगच पल्स मॅग्नेटायझरमध्ये चुंबकित करा. पुरं चुंबकन व्हायला ३ टेस्लाच्या आसपास क्षेत्र लागतं.

किस_आणि_कण

न चुंबकित केलेला चुंबक घेण्याचा आणखी एक फायदा वर राहिला: लोखंडाचा कीस.

चुंबकित चकती कुठल्याही कामाच्या टेबलावर ठेवून भिंगाखाली पाहा. तिच्या कडेभोवती, जिथे क्षेत्र सगळ्यात तीव्र असतं, बारीक करडी दाढी उगवलेली दिसते. डोळ्यांना ती चकतीची सावली वाटते. हे कण पोलादी चिमट्याचे, कानशीचे, अल्ट्रासॉनिकच्या टाकीच्या तळाचे, अगदी साध्या धुळीतलेही असतात. कापडाने पुसले तर कडेवरून फिरून पुन्हा तिथेच बसतात. पाण्याने जात नाहीत, अल्ट्रासॉनिकने सुटले तरी लगेच परत चिकटतात. शरीरात गेले की ते गंजतात आणि अहवालात "इम्प्लांटभोवती तपकिरी ठिपके" म्हणून येतात. मग दोष लेपाला दिला जातो.

ते काढायचा खात्रीचा मार्ग म्हणजे अवशेष न सोडणारी चिकट पट्टी कडेवर दाबून उचलणं. दर वेळी नवा भाग, पट्टी भिंगाखाली स्वच्छ दिसेपर्यंत. त्यानंतर सॉल्व्हंट आणि डिटर्जंट.

चिमटा प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा. हातमोजे पावडर नसलेले, नायट्राइलचे. अल्ट्रासॉनिकमध्ये प्रत्येक चकती प्लास्टिकच्या स्वतंत्र कप्प्यात, एकमेकींपासून निदान ३० मिमी लांब. दोन चकत्या झेपावून आपटल्या की कडेचा नायट्राइडचा कपचा उडतो; लेप कठीण असला तरी ठिसूळ आहे आणि खालचा चुंबक त्याहून ठिसूळ. आपटलेली चकती कितीही छान दिसो, ती बाद. याबाबत सूट देऊ नये.

ऊतीखालचा_सेन्सर

सर्वांचे मनापासून आभार. रचना बदलायचं ठरवतो आहे. पण आत्ता हातात आहेत त्या लेपाच्या चकत्या थोड्या दिवसांच्या बाकावरच्या चाचणीला तरी वापरता येतील का? त्यातल्या बऱ्या कशा निवडायच्या? आणि वरून पॅरिलीन (बाष्पातून बसणारा प्लास्टिकचा लेप) चढवलं तर?

गंजविद्या

बाकावरच्या चाचणीला वापरा, हरकत नाही. निवड अशी करा.

आधी ५० पट मोठं करून कड, दोन्ही तोंडं आणि तिरपा प्रकाश टाकून पुन्हा कड. करडा ठिपका, कपचा, फोड दिसला की बाजूला. मग खेपेतल्या काही चकत्या फेरॉक्सिल चाचणीला बळी द्या. १०० मिली डीआय पाण्यात ३ ग्रॅम मीठ, ०.१ ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड आणि १.५ ग्रॅम आगर. आगर आधी उकळून विरघळवा, कोमट झाल्यावर फेरीसायनाइड घाला आणि चकतीवर ओता. लोखंडापर्यंत पोचलेल्या प्रत्येक भोकावर निळा ठिपका उमटतो. फेरीसायनाइडमध्ये तीव्र ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. या चाचणीला गेलेल्या चकत्या पुढे कशालाही वापरायच्या नाहीत.

एक मर्यादा ध्यानात ठेवा: भोक निकेलपर्यंतच गेलं असेल तर निळा रंग येत नाही. निकेल हा ओळखीचा ॲलर्जीकारक धातू, त्यामुळे तेही कळायला हवं. त्यासाठी चकत्या फॉस्फेट बफर सलाइनमध्ये, पीएच ७.४, ३७ अंशांवर ठेवा आणि द्रवातलं निकेल, लोखंड, निओडिमियम आयसीपी-एमएसवर (धातूंचा सूक्ष्म अंश मोजणाऱ्या यंत्रावर) ठरावीक अंतराने मोजून घ्या. भांडं पॉलिप्रोपिलीनचं, ॲसिडने धुतलेलं, आणि बिनचकतीचं एक भांडं तुलनेला. वजनावर विसंबू नका. चकतीचं वजन सुमारे ५३ मिलीग्रॅम असतं. एका भोकातून गेलेला माल त्यात दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. घाई असेल तर ६७ अंश. दर १० अंशांना वेग दुप्पट या ढोबळ नियमाने ३७ च्या तुलनेत आठपट. पण हा नियम पॉलिमरच्या वार्धक्यासाठी रूढ झाला आहे. भोकातल्या गंजाला तो तंतोतंत लागू पडेल असं समजू नका.

सफाई अगदी सौम्य ठेवा: कीस काढून झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग पीएच ७-८ चं डिटर्जंट १ टक्का, ४० अंश, ५ मिनिटं, डीआय पाणी, पुन्हा अल्कोहोल, गाळलेला नायट्रोजन, आणि ६० अंशांवर सुकवणं. पाण्यात भिजत ठेवू नका.

लेपशास्त्र

पॅरिलीनबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. थोड्या मुदतीच्या प्रयोगाला पॅरिलीन-सी नायट्राइडपेक्षा चांगलं ठरू शकतं. ते बाष्पातून खोलीच्या तापमानाला बसतं, त्यामुळे चुंबक तापत नाही. कडा आणि खाचा सारख्याच जाडीने झाकल्या जातात. ते विद्युतरोधक असल्याने वर सांगितलेली मोठ्या कॅथोडची जोडी जमतच नाही. १५ ते २० मायक्रॉन घ्या.

चिकटण्याची खरी मेख पूर्वतयारीत आहे. नायट्राइडवर पॅरिलीन नुसतं पांघरलेलं असतं. आधी ऑक्सिजन प्लाझ्मा, मग ए-१७४ या सिलेनचा प्राथमिक थर, आणि मध्ये हात न लावता थेट कक्षात. चकती चेंबरमध्ये ज्या बिंदूवर टेकते तिथे लेप बसत नाही. म्हणून दोन फेऱ्यांत, उलटी करून, चढवावं लागतं. ही पायरी वगळली तर गंज नेमका त्या टेकलेल्या बिंदूतून सुरू होतो. लेप देणाऱ्याला हा प्रश्न आधीच विचारा.

कोश_आणि_सांधा

दोन फेऱ्यांचा मुद्दा पटला. पण पॅरिलीनमधून पाण्याची वाफ जातेच. चिकटलेला थर असेपर्यंत ती निरुपद्रवी असते. थर कुठे सुटला की त्या पोकळीत पाणी साठतं आणि गंज सुरू. ही टिकण्याची मुदत वाढवणारी सोय आहे, हर्मेटिक (पूर्ण हवाबंद) सील नाही. म्हणून बाकावर आणि ठरलेल्या मुदतीत काढून घ्यायच्या नगांना ठीक. माणसाच्या शरीरात, मग तो हौसेने बोटात बसवून घेणारा का असेना, लेपाचा चुंबक जाऊ नये. फुटलेला चुंबक काढताना तुकडे एकमेकांना आणि उपकरणाला चिकटतात आणि शल्यचिकित्सकाला भुकटी पूर्ण काढता येत नाही.

निर्जंतुक_कक्ष

निर्जंतुकीकरणाचा भाग अजून राहिला आहे.

चुंबकित नगाला इथिलीन ऑक्साइड किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड प्लाझ्मा, दोन्ही ६० अंशांच्या आसपास किंवा खाली चालतात. पेरॉक्साइडला कागदी पाकीट नको, सेल्युलोज वायू शोषून घेतं आणि सायकल अर्धवट थांबते. टायव्हेकची (प्लास्टिकच्या तंतूंच्या कापडाची) पिशवी घ्या. इथिलीन ऑक्साइडनंतर वायू निघून जायला वेळ द्या आणि पॅरिलीन असेल तर अवशेष आयएसओ १०९९३-७ या मानकाप्रमाणे मोजा. पिशवीतले नग ट्रेला किंवा एकमेकांना ओढून पिशवी फाडतात, म्हणून प्रत्येक नग प्लास्टिकच्या खाचेत पक्का बसवा आणि ट्रे चुंबकाला न चिकटणारा घ्या.

निर्जंतुक म्हणजे एंडोटॉक्सिनमुक्त नव्हे. मेलेल्या जिवाणूंच्या भिंतींचे तुकडे निर्जंतुकीकरणानंतरही राहतात आणि सूज आणतात. प्राण्यांवरच्या चाचणीत ही सूज धातूच्या खात्यावर जमा होते आणि सगळा निष्कर्ष चुकतो. साधारण मर्यादा प्रति उपकरण २० एंडोटॉक्सिन युनिट, मेंदू-मज्जारज्जूच्या द्रवाशी संबंध असेल तर २.१५. खात्रीचा उपाय २५० अंशांवर ३० मिनिटं कोरडी उष्णता. ती चकतीला झेपणार नाही, पण रिकाम्या टायटॅनियमच्या कोशाला सहज झेपते. पॅसिव्हेशननंतर, जोडणीच्या आधी करा, आणि पुढची सगळी धुणी इंजेक्शनच्या दर्जाच्या पाण्याने.

खरबरीतपणाचं पहिलं उत्तर बरोबरच आहे, फक्त आकडा देते. दंतरोपणांच्या अभ्यासातून ०.२ मायक्रॉन आरए (सरासरी खरबरीतपणा) ही पातळी पुढे आली आहे: त्याखाली गुळगुळीत केल्याने जिवाणूंचं चिकटणं फारसं कमी होत नाही, त्यावर गेलं की वाढतं. खरबरीत पृष्ठभाग हाडाला धरायला हवा असतो. तुमचा नग मऊ ऊतीत आहे आणि पुढे काढायचाही आहे, म्हणून इलेक्ट्रोपॉलिश करून ०.२ च्या आसपास आणा. ॲल्युमिनाने ब्लास्टिंग (कणांचा मारा) करू नका, कण टायटॅनियममध्ये रुतून बसतात.

आणि प्रयोगाच्या आराखड्यात आत्ताच लिहून ठेवा: या प्राण्यांचं एमआरआय करायचं नाही. १.५ टेस्लाच्या यंत्रात चकती वळायचा जोर करते आणि ऊती फाडू शकते. पिंजऱ्यावर तशी चिठ्ठी लावा, कारण स्कॅन करणारा माणूस हा आराखडा वाचलेला असेलच असं नाही.

ऊतीखालचा_सेन्सर

चिठ्ठीचं लगेच करतो. कोशाचं रेखाचित्र १.५ मिमी जाडीच्या चकतीसाठी काढायला घेतलं आहे. झाकणाची खाच किती खोल ठेवावी?

कोश_आणि_सांधा

भिंत ०.२५ असेल तर झाकणही ०.२५ आणि खाच तितकीच खोल, म्हणजे वरचा पृष्ठभाग सपाट मिळतो. व्यासात सैलपणा ०.०२ मिमीच्या आत. त्याहून सैल असलं तर झाकण वेल्ड होताना एका बाजूला सरकतं आणि समोरच्या बाजूला फट उघडते. पहिले काही कोश चुंबकाऐवजी तेवढ्याच मापाची टायटॅनियमची चकती घालून वेल्ड करा आणि कापून पाहा; वेल्डची खोली ०.१५ मिमीपेक्षा कमी भरली तर पल्सची ऊर्जा वाढवा, वेग कमी करू नका, नाहीतर आत उष्णता साठत जाते.